बहात्तर, अठ्ठेचाळीस की बत्तीस?

लढाऊ विमानांची मॉडेल्स करायची हुक्की आलीय? मग ग्लू आणि रंग नंतर घ्या. आधी बॉक्सच्या कोपऱ्यातला तो छोटा आकडा नीट वाचा!

पगार झालाय, शनिवार मोकळा आहे आणि या वीकएण्डला मॉलमध्ये पाय ठेवायचा नाही, असं तुम्ही ठरवलंय. आठवडाभर स्क्रीनकडे बघून डोकं भणभणलंय, आता हातानं काहीतरी करायचंय. ऑफिसातला एक जण लंच टाइममध्ये म्हणालेला असतो, ‘अरे, विमानांची मॉडेल्स कर ना, सॉलिड टाइमपास आहे!’ तुम्ही सर्च मारता, ‘मिग-२१’. समोर चार बॉक्स येतात. विमान तेच, चित्रही जवळपास तसंच. फक्त कोपऱ्यातला आकडा वेगळा. एकावर १/१४४, दुसऱ्यावर १/७२, तिसऱ्यावर १/४८ आणि चौथ्यावर १/३२. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक!

इथे नवख्या मंडळींचे दोन गट पडतात. पहिला म्हणतो, ‘करायचंच तर मोठं करू.’ दुसरा म्हणतो, ‘पहिलंच आहे, स्वस्तातलं घेऊन बघू.’ दोघंही आकड्याकडे साइझ किंवा किंमत म्हणूनच बघतात. पण हा आकडा त्याहून बरंच काही ठरवतो. टेबल किती अडणार, किती शनिवार जाणार, डोळ्यांवर किती ताण येणार आणि मुख्य म्हणजे वर्षभरानंतर तुमचं शेल्फ काय सांगणार, हे सगळं त्यात आलं. म्हणून विमान निवडण्याआधी स्केल निवडायचं. उलटं नाही.

आकड्याचा फंडा

गणित एकदम सोपं आहे. १/७२ म्हणजे खऱ्या विमानाचे ७२ सेंटिमीटर मॉडेलवर एक सेंटिमीटर. भागिले केलं की झालं. खालचा आकडा जितका लहान, तितकं मॉडेल मोठं. पहिल्यांदा इथेच अनेकांचा गोंधळ उडतो.

आपल्या मिग-२१ चंच उदाहरण घ्या. १९६३ मध्ये हवाई दलात आलेलं आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निरोप घेतलेलं हे विमान. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याची रुंदी साधारण ७.१५ मीटर. नाकावरची लांब नळी धरली तर लांबी साधारण १५ मीटर. हेच विमान १/१४४ मध्ये जेमतेम १० सेंटिमीटर लांब होतं, म्हणजे तळहातावर मावेल एवढं. १/७२ मध्ये ते २१ सेंटिमीटर भरतं, १/४८ मध्ये ३१ आणि १/३२ मध्ये थेट ४७!

आता खरी गंमत बघा. १/७२ वरून १/४८ वर गेलात तर लांबी दीडपट होते. ‘दीडपटच ना?’ असं वाटतं. पण रंगवायचा पृष्ठभाग सव्वादोन पट होतो आणि मॉडेल जी जागा खातं ती जवळपास साडेतीन पट. १/३२ वर गेलात तर रंगवायचं काम पाचपट आणि जागा अकरापटीच्याही वर. बॉक्सवरचा आकडा निम्म्याहून थोडा कमी झाला आणि घरातली जागा अकरापट गेली. होम लोनच्या व्याजासारखंच आहे हे, कागदावर छोटं दिसतं!

इंच, फूट आणि पेंग्विन

पण हे ७२ आणि ४८ असले विचित्र आकडे आले कुठून? सरळ ५० किंवा १०० का नाहीत? कारण हा छंद इंच-फुटांच्या देशांत वाढला. १/७२ मध्ये सहा फूट म्हणजे बरोबर एक इंच. सहा फुटी पायलट म्हणजे एक इंचाचा पुतळा. १/४८ मध्ये एक फूट म्हणजे पाव इंच, म्हणजे आर्किटेक्ट मंडळींचं नेहमीचं माप. १/२४ हे त्याच्या दुप्पट मोठं आणि १/१४४ हे ७२ च्या निम्मं. सगळं एकाच घराण्यातलं!

ब्रिटनमध्ये १९३२ मध्ये ‘स्कायबर्ड्स’ नावाची लाकडी किट्स १/७२ मध्ये आली. १९३६ मध्ये ‘फ्रॉग’ कंपनीने याच मापात प्लास्टिकची किट्स काढली आणि त्यांना नाव दिलं ‘पेंग्विन’. का? फ्रॉगची बाकीची विमानं खरीखुरी उडायची. ही मात्र उडत नव्हती, म्हणून न उडणाऱ्या पक्ष्याचं नाव!

मग दुसरं महायुद्ध आलं आणि हा खेळ अचानक गंभीर झाला. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांना पाच लाख मॉडेल विमानं बनवायला सांगितली, तीही १/७२ मध्येच. आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं, हे सैनिकांना ओळखता यावं म्हणून. हे मॉडेल ३५ फुटांवर धरलं की अडीच हजार फुटांवरचं, म्हणजे जवळपास अर्ध्या मैलावरचं खरं विमान जेवढं दिसेल तेवढंच दिसतं. म्हणजे स्केल ही निव्वळ हौस नव्हती. त्यावर माणसांचे जीव अवलंबून होते.

१९५३ मध्ये एअरफिक्सचं पहिलं स्पिटफायर १/७२ मध्ये आलं आणि हे माप घराघरात पोचलं. यात आपलाही एक धागा आहे. २०१० च्या दशकातल्या एअरफिक्सच्या कितीतरी बॉक्सवर ‘मेड इन इंडिया’ छापलेलं सापडतं. ब्रिटिश पोरांच्या टेबलावरची स्पिटफायर आपल्याकडच्या साच्यातून निघालेली!

कपाटाचं गणित

आता घरी या. म्हणजे तुमच्या घरी. भाड्याचा वन बीएचके, नाहीतर दोन रूममेटबरोबर शेअर केलेला फ्लॅट. भिंतीवर एक शेल्फ, समजा ९० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल.

या शेल्फवर १/७२ ची मिग-२१ नाक पुढे करून ओळीनं लावा. आरामात आठ बसतात. १/४८ ची लावलीत तर पाच बसतील, पण नाकाची नळी शेल्फच्या बाहेर डोकावेल आणि कामवाल्या मावशींचं फडकं पहिलं तिथेच अडकेल. १/३२ चं मिग सरळ बसतच नाही. ते आडवं ठेवावं लागतं आणि मग आख्ख्या शेल्फवर फक्त एक!

आणि मिग तर छोटं विमान. पुण्यातल्या वाचकांना लोहगावहून उडणारं सुखोई-३० ओळखीचं आहे. सुखोई-३० एमकेआय नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात तयार झालं. मिग-२१ साठी १९६४ मध्ये उभारलेला हाच तो कारखाना. सुखोईची लांबी जवळपास २२ मीटर. १/७२ मध्ये ते ३० सेंटिमीटर होतं, ठीक आहे. १/४८ मध्ये ४६, म्हणजे जेवणाच्या ताटापेक्षा मोठं. १/३२ मध्ये ६८ सेंटिमीटर लांब आणि ४६ रुंद. हे विमान ठेवायचं तर टीव्ही हलवावा लागेल! आणि एचके मॉडेल्सचं १/३२ चं बी-१७ बॉम्बर तर पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास एक मीटर भरतं. लग्न व्हायचं असेल तर आधी होणाऱ्या बायकोला किंवा नवऱ्याला विचारलेलं बरं.

म्हणून ऑर्डरचं बटण दाबण्याआधी एक साधी गोष्ट करा. विमानाची खरी लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये काढा, स्केलच्या आकड्याने भागा आणि त्या मापाचा तुकडा जुन्या पेपरातून कापा. तो शेल्फवर ठेवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. दिवाळीच्या साफसफाईत आईची बोलणी खाण्यापेक्षा स्वस्त!

जागेचा खर्च दारात पार्सल येण्याआधीच सुरू होतो, बरं का. कुरियरवाले बऱ्याचदा वजनाऐवजी बॉक्सच्या आकारावर पैसे लावतात. प्लास्टिक हलकं असलं तरी बॉक्स मोठा, म्हणून बिल मोठं. बाहेरून मागवलंत तर त्यावर कस्टम ड्युटी.

डोळे, हात आणि बारीक रेषा

‘मग सगळ्यात छोटंच घेऊ की!’ थांबा. छोट्याचीही किंमत असते, फक्त ती डोळ्यांनी मोजावी लागते.

कॉकपिटमधला साठ सेंटिमीटर रुंद डॅशबोर्ड घ्या. १/३२ मध्ये तो १९ मिलिमीटर होतो. त्यावरची घड्याळं बारीक ब्रशने रंगवता येतात. १/४८ मध्ये तो साडेबारा मिलिमीटर, म्हणजे जमेल. १/७२ मध्ये आठ मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढा. तिथे घड्याळं रंगवायची नसतात, डीकल चिकटवायचं असतं. १/१४४ मध्ये काच काळी रंगवा आणि पुढे चला! दिवसभर एक्सेल शीट बघून आलेल्या डोळ्यांना रात्री दहा वाजता काय झेपेल, हे तुम्हालाच माहीत. टेबल लॅम्प आणि डोक्याला लावायचं भिंग ही इथे चैन नाही, गरज आहे.

खरेपणाचा मुद्दाही आहेच. विमानाचे पत्रे जिथे जुळतात तिथल्या रेषा किटवर कोरलेल्या असतात. समजा रेषा ०.२ मिलिमीटर रुंद आहे. १/७२ मध्ये त्याचा अर्थ खऱ्या विमानावर १४ मिलिमीटरची फट! एवढी फट असलेलं विमान कोण उडवेल? तीच रेषा १/३२ मध्ये साडेसहा मिलिमीटरच्या आत येते. म्हणजे छोट्या स्केलमध्ये थोडी अतिशयोक्ती चालवून घ्यावी लागते. रंगाचंही तसंच. लांबची टेकडी जवळच्या टेकडीपेक्षा फिकट दिसते ना? तसंच छोटं मॉडेल म्हणजे लांबून बघितलेलं विमान. म्हणून १/७२ वर अनेक मॉडेलर मूळ रंगात थोडा पांढरा मिसळतात.

मोठ्या स्केलची मजा वेगळीच, हे कबूल करायलाच हवं. २००९ मध्ये आलेल्या तामियाच्या १/३२ स्पिटफायरमध्ये इंजिनावरची झाकणं लोहचुंबकाने बसतात. काढा, आतलं इंजिन दाखवा, परत लावा. पाहुणे खूश! पण त्या झाकणाआड पूर्ण इंजिन जोडायचं असतं, ते तुम्हालाच. शिवाय एवढा मोठा पंख हातानं रंगवला तर ब्रशचे फराटे दिसतात, म्हणजे एअरब्रश आला. एअरब्रश आला की कॉम्प्रेसर आला, आणि रात्री अकराला कॉम्प्रेसर घुरघुरला की सोसायटीचे सेक्रेटरी आले! थिनरचा वास जायला उघडी खिडकी आणि नाकावर मास्क हवा. मुंबईच्या पावसाळ्यात तर लॅकरचा रंग दमट हवेत दुधाळ पडतो, म्हणजे जून ते सप्टेंबर कोरडा दिवस शोधत बसा. १/७२ चं छोटं विमान मात्र पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगांनी आणि दोन चांगल्या ब्रशनी झकास होतं.

नॅट आणि सेबर

आता सगळ्यात महत्त्वाचं. जागा, पैसा, डोळे हे सगळं जमलं तरी एक नियम पाळाच. स्केल एकच ठेवा.

का? १९६५ च्या युद्धात आपल्या चिमुकल्या नॅट विमानाने पाकिस्तानच्या अमेरिकन बनावटीच्या सेबर जेटशी टक्कर दिली आणि ‘सेबर स्लेयर’ हे नाव कमावलं. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर सहा सेबर चालून आली. तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों नॅट घेऊनच त्यांना भिडले. त्या लढतीत ते शहीद झाले. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं आहे. हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण नॅट किती छोटं होतं, हे वाचून कळत नाही.

१/७२ मध्ये दोन्ही करा. सेबर जवळपास १६ सेंटिमीटर लांब आणि तेवढंच रुंद. नॅट १२ सेंटिमीटर लांब आणि पंख फक्त ९ सेंटिमीटर. शेजारी ठेवा आणि चार पावलं मागे जाऊन बघा. सेबरच्या पायलटला मागे वळून हे एवढंसं विमान शोधणं किती कठीण गेलं असेल, ते एका क्षणात कळतं. आणि सहा सेबरसमोर ते एकटं नॅट मांडून बघा. मग कुणी काही सांगायची गरज उरत नाही.

आता समजा नॅट तुम्ही १/४८ मध्ये केलं आणि सेबर १/७२ मध्ये, कारण सेलमध्ये तेच मिळालं. काय होईल? नॅट १८ सेंटिमीटर लांब, सेबर १६. छोटं विमान मोठं झालं! दोन्ही मॉडेल्स सुंदर, रंग अचूक, आणि दोघांनी मिळून सांगितलेली गोष्ट साफ खोटी. पराक्रमच पुसला गेला. एका स्केलचं शेल्फ म्हणजे न लिहिलेलं इतिहासाचं पुस्तक असतं. मिसळलेल्या स्केलचं शेल्फ म्हणजे फक्त शोकेस.

मग घ्यायचं कुठलं?

सरळ सांगायचं तर, शहरातल्या छोट्या घरात राहणाऱ्या आणि फक्त वीकएण्ड हातात असलेल्या माणसासाठी १/७२. कारणं तीन. एक, या मापात पहिल्या महायुद्धातल्या विमानांपासून आजच्या स्टेल्थ फायटरपर्यंत भरपूर चॉइस मिळतो. दोन, फायटर, बॉम्बर, हेलिकॉप्टर सगळी एकाच मापात शेजारी ठेवता येतात. आणि तीन, विमान पूर्ण होतं! या छंदाचा खरा शत्रू रंग किंवा ग्लू नाही, अर्धवट राहिलेला बॉक्स आहे. जगभरच्या मॉडेलरच्या पलंगाखाली न उघडलेल्या किट्सची थप्पी असते. पहिलं विमान दोन-चार वीकएण्डमध्ये उभं राहिलं तरच तुम्ही दुसरं घेणार. एअरफिक्सचा १/७२ चा स्टार्टर सेट मिळाला तर उत्तम, त्यात रंग, ब्रश आणि ग्लू सोबतच येतं.

मग १/४८ कुणासाठी? ज्यांना फक्त एकसीटर फायटर आवडतात, वर्षाला तीन-चार विमानं पुरे आहेत आणि कॉकपिटमध्ये जीव ओतायचाय त्यांच्यासाठी. चेक कंपनी एडुअर्डचं १/४८ चं मिग-२१ बघितलंत तर मोह आवरणं कठीणच. जागा आणि डोळे यांच्यातली ही छान तडजोड आहे. फक्त एकदा या गावात घर घेतलंत की इथेच राहा. १/३२ मात्र अशा माणसासाठी, ज्याला एकच विमान मनापासून आवडतं आणि ते वर्षभर पुरवून करायचंय. आणि १/१४४? मोठ्या मालवाहू विमानांसाठी. हवाई दलाचं सी-१७ पंखांच्या टोकांमध्ये ५१ मीटरहून जास्त भरतं. १/७२ मध्ये ते ७२ सेंटिमीटर होतं, १/१४४ मध्ये ३६. गोव्यात वास्कोजवळच्या दाबोळीला नौदलाच्या विमानांचं म्युझियम आहे. तिथलं सुपर कॉन्स्टलेशन बघून प्रेमात पडलात तर तेही १/७२ मध्ये ५२ सेंटिमीटर होईल, हे लक्षात ठेवा. त्या म्युझियमला जाच, कॅमेरा घेऊन जा. शेजारचं छोटं सी हॉक १/७२ मध्ये तुमच्या शेल्फवर मजेत बसेल.

आणि एक शेवटची सावधगिरी. स्केल ठरलं तरी बॉक्सवरचं नाव पूर्ण वाचा. नॅट टी.१ हे दोन सीटचं ट्रेनर विमान, सेखोंचं नॅट एका सीटचं. ‘सुखोई-३० एमकेके’ ही चीनची आवृत्ती. आपल्या एमकेआयला कॉकपिटच्या मागे दोन्ही बाजूंना असलेले छोटे पंख तिच्यावर नसतात. आणि ज्या जुन्या बॉक्सवर आकडाच नाही, तो सरळ परत ठेवा. एके काळी कंपन्या बॉक्सच्या मापात बसेल तेवढं विमान बनवायच्या. ते शेजारच्या कुठल्याच विमानाशी जुळत नाही.

तेव्हा या शनिवारी मोजपट्टी आणि जुना पेपर काढा, शेल्फ मोजा, एक आकडा पक्का करा. बॉक्स नंतर येऊ दे.

एका नजरेत

१/१४४ : मिग-२१ साधारण १० सेंटिमीटर. मालवाहू विमानं आणि अगदी छोट्या घरांसाठी. बारकावे कमी.

१/७२ : मिग-२१ साधारण २१ सेंटिमीटर. पहिलं विमान, मोठा संग्रह, ब्रशने रंगकाम. नवख्यांसाठी बेस्ट.

१/४८ : मिग-२१ साधारण ३१ सेंटिमीटर. फायटरप्रेमींसाठी. कॉकपिटची खरी मजा. शेल्फ खोल हवं.

१/३२ : मिग-२१ साधारण ४७ सेंटिमीटर. एअरब्रश, संयम आणि वेगळं टेबल असेल तरच.